डोकी मोजण्याआधी पाणी मोजा

पावसाळा संपून खडकवासला साखळीतल्या चार धरणांच्या साठ्याचा हिशेब मांडण्याची वेळ आली की पुण्यात दरवर्षी एक वाद ठरल्यासारखा उभा राहतो. महापालिका आपल्या पाण्याच्या अंदाजपत्रकात शहराच्या लोकसंख्येचा एक आकडा देते. जलसंपदा विभागाला तो फुगवलेला वाटतो. विभाग स्वतःचा, बराच लहान आकडा धरतो आणि त्यावरून कोटा ठरवतो. पाण्याचे वाटप ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत, याच धरणांच्या कालव्यावर शेती असलेल्या दौंड-इंदापूरकडचे लोकप्रतिनिधी शहराच्या उधळपट्टीवर बोलतात, शहराचे लोकप्रतिनिधी ‘पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम’ या धोरणातल्या वाक्याकडे बोट दाखवतात, आणि दुसऱ्या दिवशी पुण्याची खरी लोकसंख्या किती यावर वृत्तपत्रांचे रकाने भरतात. अलीकडे या वादाला भविष्यकाळही जोडला गेला आहे. आणखी पंचवीस-तीस वर्षांनी पुणे महानगरात किती माणसे असतील, त्यांना किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी लागेल, आणि ते मुंबईच्या विजेसाठी बांधलेल्या मुळशी धरणातून वळवायचे की आणखी कुठून आणायचे, असे प्रश्न आता सभागृहांत आणि चर्चासत्रांत एकाच दमात विचारले जातात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. या वादात दोन्ही बाजू चुकीच्या गोष्टीवर भांडत आहेत. लोकसंख्येचा अंदाज आपल्याकडे अंदाज राहिलेलाच नाही. तो पाण्यावरचा दावा झाला आहे. ज्याला पाणी हवे आहे तोच आकडा काढतो आणि ज्याला द्यायचे नाही तोच तो तपासतो. अशा व्यवस्थेत कोणाचा आकडा खरा, या प्रश्नाला कितीसा अर्थ उरतो? प्रादेशिक नियोजनाला वेगळ्या प्रकारचा अंदाज लागतो: प्रत्यक्ष मोजलेल्या वापरावर उभा असलेला, एकेका महापालिकेपुरता न काढता संपूर्ण खोऱ्यासाठी एकत्र काढलेला, एका आकड्याऐवजी पल्ल्यात सांगितलेला आणि ठरावीक मुदतीने सक्तीने दुरुस्त होणारा. हे चार गुण नसतील तर अंदाज कितीही दशांश स्थळांपर्यंत काढला तरी तो ‘बाजारात तुरी’ याच जातीचा.

हे अंदाज निघतात कसे, ते एकदा जवळून पाहिले पाहिजे. पाणीपुरवठा योजनांसाठी केंद्र सरकारची जी नियमपुस्तिका अभियंते वापरतात तीत लोकसंख्या पुढे नेण्याच्या अनेक पद्धती दिलेल्या आहेत. दर दशकात सारखीच माणसे वाढतील असे धरणारी अंकगणिती पद्धत, सारखाच दर धरणारी भूमितीय पद्धत, वाढीतली वाढ मोजणारी पद्धत, घटता दर धरणारी पद्धत, आणि शेवटी सपाट होणारी इंग्रजी ‘एस’च्या आकाराची वक्ररेषा. मागच्या चार-पाच जनगणनांचे आकडे घ्यायचे, प्रत्येक पद्धतीने तीस वर्षे पुढे जायचे आणि आलेल्या उत्तरांतून एक निवडायचे. मग त्याला दरडोई दररोज १३५ लिटरने, महानगर असेल तर १५० लिटरने गुणायचे आणि वर गळतीपोटी १५ टक्के चढवायचे. पद्धतीत गैर काही नाही. गैर आहे ते ‘निवडायचे’ या एका क्रियापदात.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका लहान नगरपालिकेच्या नळयोजनेच्या प्रस्तावावर मी काम केले होते. आलेख-कागदावर पाच रेषा काढल्या होत्या, पाचही वेगवेगळ्या ठिकाणी संपत होत्या आणि सर्वांत वरची व सर्वांत खालची यांच्यात जवळजवळ दुपटीचा फरक होता. आमच्या वरिष्ठांनी लाल पेन्सिलीने सर्वांत वरच्या टोकाला गोल केला. कारण विचारले तेव्हा त्यांनी अगदी सरळपणे सांगितले की दरडोई खर्च निकषात बसत नाही. माणसे वाढली की दरडोई खर्च उतरेल आणि प्रस्ताव वर अडणार नाही. ते गृहस्थ प्रामाणिक होते, त्यांनी कोणाकडून चहासुद्धा घेतला नसता. गावाला पाणी मिळावे एवढीच त्यांची इच्छा होती. योजना मंजूर झाली, बांधलीही गेली. पुढे झाले असे की वाढलेली माणसे कागदावरच राहिली, मोठ्या पंपांचे वीजबिल मात्र दर महिन्याला खरोखरीचे येऊ लागले, आणि ज्यांच्या पाणीपट्टीतून ते भरायचे त्या घरांची संख्या काही केल्या वाढेना. थकबाकीपायी वीज तोडली गेलेल्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना महाराष्ट्रात ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही.

मोठ्या शहरांत हेच अधिक झगझगीत स्वरूपात घडते. पुणे महापालिकेची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे १५.६७ लाख होती, २००१ मध्ये २५.३८ लाख झाली. दहा वर्षांत ६२ टक्के. भूमितीय पद्धतीने हाच दर पुढे नेला असता तर २०११ मध्ये पुण्यात ४१ लाख माणसे हवी होती. जनगणनेत निघाली ३१.२४ लाख. एका दशकात दहा लाखांची चूक! ही दहा लाख माणसे गेली कुठे? ती यायचीच नव्हती. १९९७ मध्ये आजूबाजूची गावे महापालिकेच्या हद्दीत आली, त्यामुळे आधीपासून तिथे राहणारी माणसे कागदावर ‘पुणेकर’ झाली आणि हद्दवाढीला लोकसंख्यावाढ समजण्याची सोय झाली. आता २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुन्हा हद्दीत घेतली गेली, त्यांतली दोन पुढे वगळण्यात आली. नव्या जनगणनेत पुण्याची उडी पुन्हा डोळे दिपवणारी दिसेल. त्या उडीला चक्रवाढ व्याज लावून २०५७ पर्यंत नेणारा कोणी ना कोणी भेटेलच.

मुंबईचे उदाहरण याहून बोलके आहे. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९९१ मध्ये ९९.२६ लाख, २००१ मध्ये ११९.७८ लाख. साध्या, सबुरीच्या अंकगणिती पद्धतीनेही २०११ मध्ये १४० लाखांचा अंदाज निघतो. प्रत्यक्षात आली १२४.४२ लाख, म्हणजे दशकभरात चार टक्क्यांहूनही कमी वाढ. कुलाबा ते माहीम-शीव या जुन्या शहराची लोकसंख्या तर घटली. चुकलेल्या सोळा लाख माणसांना दररोज १५० लिटर प्रमाणे २४ कोटी लिटर पाणी लागले असते. मुंबईला पाणी देणाऱ्या मध्य वैतरणा धरणाची रोजची क्षमता ४५.५ कोटी लिटर आहे, यावरून चूक केवढी ते कळेल. पण याच दशकात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे घटले. माणसे नाहीशी झाली नव्हती, ती वेगळ्या जागी गेली होती. एकेका शहरापुरता काढलेला अंदाज अशा वेळी दोनदा फसतो: जिथून माणसे निघाली तिथे जास्त पाणी राखून ठेवले जाते आणि जिथे ती पोहोचली तिथे टँकर सुरू होतात.

आता समोरच्या बाजूचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते दुबळे नाही. पहिला आक्षेप असा की अंदाज जास्त निघाला तर फार तर पैसे वाया जातात, कमी निघाला तर माणसे तहानलेली राहतात. धरण किंवा मोठी जलवाहिनी व्हायला वीस वर्षे लागतात, म्हणून जास्तीचे धरून चालणे हाच शहाणपणा. पिंपरी-चिंचवडकडे पाहिले तर या आक्षेपाचे वजन कळते. १९९१ मध्ये ५.१७ लाखांचे हे शहर २००१ मध्ये १०.१२ लाखांचे आणि २०११ मध्ये १७.२७ लाखांचे झाले, आणि २०१९ च्या अखेरीपासून तिथे दिवसाआड पाणी येते. त्या घरांतल्या माणसांना ‘अंदाज सावधपणे काढा’ असे सांगणे क्रूरपणाचे होईल. हे मी मान्य करतो.

परंतु जास्त अंदाजाची किंमत केवळ पैशांत असते हे मला मान्य नाही. याच पिंपरी-चिंचवडसाठी पवना धरणातून बंद जलवाहिनी आणण्याच्या योजनेविरुद्ध मावळात आंदोलन झाले, ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला आणि योजना पुढे वर्षानुवर्षे अडकून राहिली. नदीतून वाहत येणारे पाणी नळात गेले तर आपल्या उपसा सिंचनाचे काय, हा त्या शेतकऱ्यांचा प्रश्न होता, आणि शहराकडून त्यांना उत्तरादाखल लोकसंख्येचा आलेख दाखवला जात होता. आलेखातल्या भविष्यकाळच्या माणसांसाठी वर्तमानकाळातल्या माणसांनी आपले पाणी सोडावे, असे म्हणताना तो आलेख किती पक्का असायला हवा? याला शंभर वर्षांपूर्वीचेही एक उदाहरण आहे. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला तेव्हा मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली घालण्याचे समर्थन मुंबईच्या वाढत्या विजेच्या गरजेनेच केले जात होते. गरज खोटी नव्हती. पण ती मोजणारा आणि तिची किंमत मोजणारा यांच्यात सह्याद्री आडवा होता. आज त्याच मुळशीच्या पाण्यावर पुण्याने दावा सांगावा यातला उपरोध बाजूला ठेवला तरी, हिशेब मागण्याचा त्या खोऱ्याचा हक्क बाजूला ठेवता येत नाही.

परदेशातही हा अनुभव आहे. ईशान्य इंग्लंडमध्ये टीज नदीकाठच्या पोलाद आणि रसायन कारखान्यांची मागणी वाढतच जाणार या अंदाजावर नॉर्थम्बरलँड परगण्यात किल्डरचे प्रचंड जलाशय बांधले गेले. ते १९८०च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाले तोवर तो उद्योगच ओसरू लागला होता. दुष्काळात त्या जलाशयाचा उपयोग होतो हे खरे. पण ज्या कारणासाठी दरी बुडवली ते कारण उरले नव्हते, एवढेही खरेच.

दुसरा आक्षेप जनगणनेचा आहे. २०२१ची जनगणना झाली नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे आज आपण २०११च्याच पायावर इमले चढवत आहोत, आणि पाया नसताना कोण कसला काटेकोर अंदाज काढणार, असे विचारले जाते. अडचण खरी आहे. पण नवी जनगणना आली की प्रश्न सुटेल, हा विश्वास मला भाबडा वाटतो. १९२० मध्ये रेमंड पर्ल आणि लोवेल रीड या दोन अमेरिकी अभ्यासकांनी आपल्या देशाच्या १७९० पासूनच्या सगळ्या जनगणना हाताशी घेऊन ‘एस’च्या आकाराच्या त्या वक्ररेषेने अंदाज मांडला. रेषा जुन्या आकड्यांवर विलक्षण चपखल बसत होती. पुढे १९३०ची जनगणनाही तिने जवळजवळ बरोबर सांगितली. त्या रेषेनुसार अमेरिकेची लोकसंख्या १९.७ कोटींच्या पुढे कधीच जाणार नव्हती. १९६७ मध्ये ती २० कोटींवर गेली आणि आज ३३ कोटींच्याही पुढे आहे. या अभ्यासकांकडे कच्ची माहिती नव्हती, आणि हिशेबही चुकला नव्हता. मागच्या रेषेला पुढच्या माणसांच्या वागण्याची हमी समजणे, एवढीच चूक होती. पुणे तर अमेरिका नाही. भूभाग जितका लहान तितका अंदाज अधिक डळमळीत, कारण एखादा रस्ता, एखादी औद्योगिक वसाहत, एखादा मेट्रोचा फाटा दहा वर्षांत चित्र पालटून टाकतो.

इथे एक गोष्ट पुरेशी बोलली जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, १.७ निघाला. लोकसंख्या पिढीमागून पिढी स्थिर राहायला तो २.१ लागतो. म्हणजे राज्यातली शहरे यापुढे पाळण्यांमुळे फारशी वाढणार नाहीत. वाढतील ती स्थलांतरामुळे. आणि स्थलांतर पावसासारखे आभाळातून पडत नाही, ते नोकऱ्या आणि घरे यांच्या मागे येते. या दोन्ही गोष्टी नियोजनाच्या हातात बऱ्याच प्रमाणात असतात. विकास आराखड्यात लोकसंख्येचा आकडा मोठा धरला की निवासी क्षेत्र वाढवावे लागते, नकाशातला शेतीचा हिरवा पट्टा निवासी पिवळा होतो, पिवळ्या पट्ट्यावर इमारती उठतात, इमारतींत माणसे येतात आणि मग आराखडा करणारे सांगतात, ‘बघा, आमचा अंदाज बरोबर होता.’ हे भाकीत आपणच खरे करून दाखवत असतो. बांधकाम परवानगीच्या वेळी ‘महापालिकेचे पाणी येईपर्यंत पाण्याची व्यवस्था आम्ही करू’ असे हमीपत्र विकासकाकडून घेतले जाते. विकासक इमारत पूर्ण करून जातो आणि हमीपत्र फाइलीत राहते. अशा गावांत लोकसंख्या पाण्याच्या आधी का पोहोचली याचे उत्तर कोणत्या सूत्रात सापडणार?

आता पाण्याच्या बाजूने हिशेब करून पाहू, कारण माझ्या मते सुरुवात तिथून व्हायला हवी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. वर्षभर वाटले तर रोजचे पावणेआठ कोटी लिटर. पुण्याचा मंजूर कोटा ११.५ टीएमसी हा आकडा वर्षानुवर्षे चर्चेत आहे, प्रत्यक्ष उचल मात्र अलीकडे २० टीएमसीच्या आसपास गेली आहे. वीस टीएमसी म्हणजे रोजचे सुमारे १५५ कोटी लिटर. नियमपुस्तिकेप्रमाणे १५ टक्के गळती धरली आणि दरडोई १५० लिटर दिले तर एवढ्या पाण्यात ८८ लाख माणसांचे भागते. गळती ४० टक्के धरली, जी पुण्याच्या बाबतीत वारंवार सांगितली जाते, तर तेच पाणी ६२ लाखांना पुरते. सव्वीस लाख माणसांचा फरक केवळ नळांच्या सांध्यांत आणि बेहिशेबी जोडण्यांत. टीएमसीत सांगायचे तर पाच, आणि साखळीतल्या टेमघर धरणाची साठवण ३.७१ टीएमसी आहे! रुग्णालये, हॉटेले, महाविद्यालये, उद्योग यांचे पाणी या हिशेबात वेगळे धरावे लागेल हे मान्य. तरीही ज्या लोकसंख्येवरून महापालिका आणि जलसंपदा विभाग भांडतात तिच्यातला फरक आणि गळतीने गिळलेल्या लोकसंख्येचा आकार यांची तुलना एकदा करून पाहावी. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. आपण मात्र जात्यात दाणे किती टाकायचे यावर समित्या नेमतो आहोत.

यावर तिसरा आक्षेप येतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. गळती थांबवा म्हणणे सोपे आहे. जुन्या पेठांतल्या बोळांखाली पन्नास वर्षांपूर्वीच्या वाहिन्या आहेत, नकाशे अपुरे आहेत, रस्ता खोदला की वाहतूक ठप्प होते, मीटर बसवायला गेले की नगरसेवकापासून सोसायटीच्या अध्यक्षापर्यंत सगळे आडवे येतात. शिवाय ‘बेहिशेबी’ पाण्यातला एक भाग वस्त्यांमधल्या गरिबांचा आहे. त्यांची जोडणी तोडून गळती कमी झाल्याचे दाखवणे हा गुन्हा ठरेल. हे सारे मान्य. पण कठीण आहे म्हणून ते हिशेबातूनच वगळायचे का? नवे धरण काय सोपे असते? बॉस्टन परिसराच्या पाणीपुरवठ्यापुढे १९८०च्या दशकात असाच पेच होता. रोजची उचल स्रोताच्या खात्रीच्या क्षमतेपलीकडे गेली होती आणि कनेक्टिकट नदीचे पाणी वळवण्याची योजना तयार होती. त्याऐवजी तिथे वाहिन्यांची गळती शोधून दुरुस्त करण्याचा, घराघरांतली नळ-संडासाची उपकरणे बदलण्याचा आणि दर सुधारण्याचा मार्ग धरला गेला. रोजची सव्वाशे कोटी लिटरच्या आसपासची उचल दोन दशकांत पंचाहत्तर कोटींच्या जवळ आली आणि नदी वळवावी लागली नाही. वीस वर्षे लागली, हे खरे. धरणालाही वीसच लागतात.

मागणी म्हणजे संपलेले पाणी, हा समजही तपासायला हवा. शहरात आलेल्या पाण्यातले बहुतांश पाणी गटारातून पुन्हा बाहेर पडते. कृष्णा पाणी तंटा लवादाने, बच्छावत निवाड्यात, घरगुती वापरासाठी नदीतून उचललेल्या पाण्यापैकी फक्त २० टक्केच ‘वापरले’ असे धरले, ते याच तर्काने. उरलेले खोऱ्यात परत येते असे गृहीत आहे. पुण्याचे परत येणारे पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या उपसा विहिरीतून) उचलून कालव्यात सोडण्याची आणि त्यातून वर्षाला साडेसहा टीएमसी शेतीला देण्याची व्यवस्था केलेली आहे. ते पाणी नीट शुद्ध झालेले नसते ही शेतकऱ्यांची तक्रार आहे, आणि जे कालव्यात जात नाही ते मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात उतरते. तेच सोलापूरकर पितात. म्हणजे पुण्याच्या लोकसंख्येचा अंदाज हा केवळ वरच्या धरणांचा प्रश्न नाही. किती पाणी लागेल याच्या शेजारच्याच रकान्यात किती पाणी, कोणत्या दर्जाचे, कुठे परत जाईल, हेही लिहिलेले असले पाहिजे. पुण्याचा एकही आराखडा वाचताना मला हे दोन रकाने शेजारी शेजारी दिसलेले नाहीत. वाढीव मागणीला जागा पानभर मिळते, सांडपाण्याला परिशिष्ट.

म्हणूनच अंदाज खोऱ्याचा हवा. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, औद्योगिक विकास महामंडळ, कटक मंडळे, भोवतीच्या नगरपरिषदा हे सारे आपापली वक्ररेषा काढतात आणि प्रत्येकाला वाटते की यापुढचा माणूस आपल्याच हद्दीत येणार आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या वाकडला राहून पुण्यातल्या खराडीला नोकरी करणारा तरुण एका शहरात रहिवासी म्हणून मोजला जातो आणि दुसऱ्यात ‘तरंगती लोकसंख्या’ म्हणून. त्याची तहान मात्र एकच आहे. सगळ्यांच्या मागण्यांची बेरीज केली तर भीमेच्या वरच्या खोऱ्यात दौंड-इंदापूरला आणि उजनीला काय उरते, हा प्रश्न विचारायला कोणी बांधील नसते. २००५ च्या कायद्याने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले, एकात्मिक जल आराखडा सक्तीचा झाला. चौकट नाही असे म्हणता येत नाही. उणीव एवढीच की त्या चौकटीत लोकसंख्येचा आकडा अजूनही मागणी करणाऱ्याकडूनच येतो. तो आकडा काढण्याचे काम ज्याला त्या आकड्यातून एक थेंबही जास्त मिळणार नाही अशा संस्थेकडे द्यावे, तिने तीन अंक सांगावेत, किमान, संभाव्य आणि कमाल, आणि प्रत्येकासोबत ‘अमुक झाले तर’ अशी अट लिहावी. किमान अंकासाठी लागणारी कामे आजच सुरू व्हावीत. संभाव्य अंकासाठी जमीन आणि मार्ग राखून ठेवावेत. कमाल अंकासाठी मोठे प्रकल्प तेव्हाच हाती घ्यावेत, जेव्हा मुख्य वाहिन्यांवरच्या मीटरांची नोंद सलग दोन-तीन वर्षे ठरवलेली रेघ ओलांडील. यात तहानेचा धोका नाही, कारण रेघ ओलांडण्याआधीच सर्वेक्षण आणि परवानग्यांची कामे पुढे सरकलेली असतील.

हवामान बदलते आहे, उन्हाळे लांबताहेत, म्हणून जास्तीचे धरावे, असेही एक म्हणणे असते. ते थोडक्यात निकालात काढता येते. २०१९ मध्ये चेन्नईची जलाशये कोरडी पडली ती आदल्या वर्षी पाऊस रुसला म्हणून; लोकसंख्येचा अंदाज मोठा असता तर ती भरली असती का? आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार. पावसाच्या अनिश्चिततेसाठी वेगळा हिशेब, वेगळी राखीव साठवण, विहिरी-तलावांची वेगळी जपणूक लागते; ती लोकसंख्येच्या रकान्यात लपवून ठेवली की दोन्ही हिशेब बिघडतात.

हद्दीत नव्याने आलेल्या पूर्वेकडच्या एका गावातल्या सोसायटीत मी परवा गेलो होतो. सुरक्षारक्षकाच्या खोलीत एक लांबट वही होती, कोपरे ओलसर होऊन वळलेले. तारीख, टँकरचा नंबर, आल्याची वेळ, लिटर, सही. मागच्या चार वर्षांची प्रत्येक खेप त्यात आहे. मे महिन्याची पाने दाट, सप्टेंबरची विरळ. सोसायटीच्या सचिव बाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी शेवटच्या पानावर महिन्यागणिक बेरीज करून, त्यात बोअरचे पाणी मिळवून, घरागणिक आणि माणसागणिक भागाकार केलेला आहे. माणशी रोजचा आकडा दीडशे लिटरच्या निकषापेक्षा खालीच राहतो, कारण प्रत्येक खेपेचे पैसे मोजावे लागतात. कोणती घरे बंद आहेत, कोणत्या घरात भाडेकरू आले, हेही समासात आहे. बाईंनी मला विचारले की महापालिकेला ही वही हवी असेल का, त्या फोटोकॉपी काढून द्यायला तयार आहेत. चार वर्षांत ती कोणी मागितलेली नाही.